उभी पाटी

निखिल, तुझ्या अंत्यविधीला सगळ्यांत जास्त रडला तो राजनदादा. क्रेमेटोरियमच्या थंडगार हॉलमध्ये माइकसमोर उभा राहून, चष्मा काढून डोळे पुसत तो म्हणाला, "हार्नेस लाव, क्लिप लाव, किती वेळा सांगितलं असेल मी याला. पण आमच्या निखिलला कायम घाई. काम म्हटलं की स्वतःचं भान नसायचं त्याला." लोकांनी माना हलवल्या. मागे कुणीतरी हुंदका दिला. मी पहिल्या रांगेत ईराचा हात धरून बसले होते. तो हात माझ्या हातातून हळूच निघाला. घरी येताना गाडीत खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "व्हाय डिडन्ट ही जस्ट क्लिप इट ऑन, आई? इट्स लाइक अ सीटबेल्ट, राइट?"

तेरा वर्षांची आहे ती. बापावर चिडायला तिला एक कारण मिळालं होतं, आणि ते कारण खोटं होतं.

खोटं आहे हे मला त्या हॉलमध्येच माहीत होतं. तू पडलास त्या सकाळी तू मला फोन केला होतास. मी वेस्टमीड हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते, रक्ताच्या नळ्या मशीनला लावून चहाला बाहेर आले होते. तुझ्या आवाजामागे वारा ऐकू येत होता. "हार्नेसची बॅग दुसऱ्या साइटवर गेलीय," तू म्हणालास. "राजनदादानेच पाठवली. आणि इथे वारा आहे. मी म्हणतोय उद्या पहाटे येऊन लावतो, पण त्याला आज संध्याकाळपर्यंत पाटी वर दिसायला हवी. उद्या रेस्टॉरंटचं ओपनिंग आहे ना." मी म्हटलं, "मग चढू नकोस. सरळ नाही म्हणून सांग." तू म्हणालास, "बोलतो परत त्याच्याशी."

बस, एवढंच. दुपारी माझ्याच हॉस्पिटलच्या इमर्जन्सीतून मला फोन आला. मी लॅबमधून धावत तिथे पोचेपर्यंत तू गेला होतास.

मालक हा शब्द आपण राजनदादासाठी कधी वापरला नाही. आपण सिडनीत उतरलो तेव्हा विमानतळावर तो आला होता. पहिली दिवाळी त्याच्या घरी. त्याच्या बायकोने, वैशालीवहिनीने, ईराच्या बारशाला कुंची शिवली होती. तुझ्या व्हिसाची स्पॉन्सरशिप त्याची, पुढे पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, मिळाली तीही त्याच्यामुळेच असं तू सगळ्यांना सांगायचास. दुकानांच्या पाट्या बनवणं आणि लावणं हा त्याचा धंदा, पण हात तुझे होते. वेंटवर्थव्हिलपासून स्ट्रॅथफिल्डपर्यंत निम्म्या पाट्या तुझ्या हातच्या आहेत आणि खाली बारीक अक्षरात नाव त्याचं. मी त्यावरून भांडायचे. तू हसायचास. "अगं, पाटी दुकानदाराची असते. माझी नाही, त्याचीही नाही."

असा होतास तू. मऊ. आज खरं सांगते, तुझ्या या मऊपणाचा मला राग आहे. राजन जिवंत आहे आणि तू नाहीस, यात त्या मऊपणाचा हात आहे.

लोक मला सांगतात, चांगलं तेवढं आठव. चांगलं आठवायला गेलं की मला कोरियाच आठवतो.

पुण्याहून परत येताना आपण मुद्दाम सोलला थांबलो. ईराला तिच्या गायकांसाठी जायचं होतं, तुला पाट्यांसाठी, आणि मला खरं तर घरी येऊन झोपायचं होतं. मेट्रोतून जिन्याने वर आलो आणि तू फूटपाथच्या मधोमध थांबलास. लोक तुला वळसा घालून जायला लागले. समोर एक साधी सहा-सात मजली इमारत होती, पण तिची भिंत म्हणून दिसत नव्हती. प्रत्येक मजल्याची पाटी आडवी, शिवाय प्रत्येकाची एक उभी, रस्त्याच्या बाजूला बाहेर आलेली. खाली तळलेलं चिकन, वर दाताचा डॉक्टर, त्याच्या वर गणिताचे क्लासेस, त्याच्याही वर गाण्याच्या खोल्या, आणि गच्चीवर चर्चचा लाल दिव्यांचा क्रॉस. फूटपाथवर हवा भरलेले उंच खांब, आतून उजळलेले, आणि त्यांची वायर दुकानाच्या दारातून आत गेलेली. तू तोंड उघडं टाकून वर बघत होतास.

"केवढा कलकलाट आहे हा," मी म्हटलं. "यातलं एक तरी वाचता येईल का कुणाला?"

"ज्याचा दात दुखतोय त्याला डॉक्टरचीच पाटी दिसणार," तू म्हणालास. "बाकीच्या त्याला दिसणारच नाहीत."

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

ईराने गाण्यांच्या नादात त्यांची अक्षरं शिकून घेतली होती. तिला वाचता यायचं पण अर्थ कळायचा नाही. ती मोठ्याने पाटी वाचायची, तू फोनचा कॅमेरा त्या पाटीवर धरायचास आणि फोन काहीतरी भलतंच भाषांतर दाखवायचा. एका साध्या मांसाच्या सूपचं त्याने अस्वलाचं सूप केलं. तू आत जाऊन ते मागवलंस आणि पूर्ण वेळ गंभीर चेहऱ्याने अस्वल शोधत बसलास. ईरा एवढी हसली की तिला ठसका लागला. तिचं ते हसणं मी त्यानंतर ऐकलेलं नाही.

बुसानच्या एका गल्लीत सगळी दुकानं एकाच पदार्थाची होती, आणि प्रत्येकाच्या पाटीवर एका म्हातारीचा फोटो. फोनने सांगितलं, हे मूळ दुकान. शेजारचं, हे खरं मूळ दुकान. त्याच्या पलीकडचं, या आजीचं तेच खरं मूळ दुकान. तू भर रस्त्यात म्हणालास, "आमची कुठेही शाखा नाही." मग पुण्यातल्या पाट्यांवर आपण स्टेशनपर्यंत बोलत राहिलो. तिथल्या क्लासेसच्या दारावर पास झालेल्या मुलांच्या नावांचे कापडी बॅनर होते, चौकात पुढाऱ्यांचे. मला त्यात आपले वाढदिवसाचे फ्लेक्स दिसले आणि अंगावर काटा आला. तुला घर दिसलं. फ्लेक्स छापायच्या दुकानातच तर तुझी पहिली नोकरी.

सोलच्या एका मेट्रो स्टेशनात सबंध भिंतभर प्लास्टिक सर्जरीच्या जाहिराती होत्या, आधीचा चेहरा आणि नंतरचा चेहरा. ईरा एकीसमोर बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं आता ही काहीतरी विचारणार. तू तिच्याशेजारी जाऊन म्हणालास, "बघ, आधीची मुलगी कॅमेऱ्याकडे बघतेय. नंतरची कुणाकडेच बघत नाहीये." ईरा म्हणाली, "ट्रू," आणि पुढे गेली. मला इतकं सोपं बोलायला सुचलं नसतं. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले.

एका नव्या भागात मात्र सगळ्या पाट्या सारख्या होत्या. एकाच उंचीची पांढरी अक्षरं, एकाच ओळीत. नगरपालिकेने जुन्या काढून बसवलेल्या. मी म्हटलं, "हे बघ, किती शांत वाटतं." तुझा चेहरा पडला. "सगळ्यांना युनिफॉर्म घातलाय," तू म्हणालास. "सिडनीसारखं. आपल्याकडे पाटी कुजबुजते. कौन्सिलने तिला दटावून बसवलंय." मी लॅबमधली बाई. माझ्याकडे प्रत्येक नळीला एकसारखं लेबल लागतं, आणि लागलंच पाहिजे, नाहीतर माणूस मरतो. हे मी तुला ऐकवलं. तू म्हणालास, "रस्ता म्हणजे लॅब नाही." मी म्हटलं, "रस्ता म्हणजे फ्लेक्सचं दुकानही नाही." विमानात बसेपर्यंत आपण भांडत होतो, आणि खरं सांगू का, लग्नानंतर इतक्या वर्षांत मला तुझ्याशी बोलायला इतकी मजा कधी आली नव्हती.

परतायच्या आदल्या दुपारी ती बाई दिसली. काचेच्या एका भल्यामोठ्या ऑफिसच्या दारासमोर, फूटपाथवर प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेली. साठीची असेल. तिच्यामागे पांढऱ्या कापडाचा बॅनर, काळी आणि लाल अक्षरं. ईराने वाचलं, तू फोन धरला. त्या कंपनीच्या चेअरमनचं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं, माझ्या मुलाने कामावर जीव गमावला, तुम्ही बाहेर येऊन माझ्याकडे बघा. आतबाहेर करणारे लोक तिच्याकडे बघत नव्हते. तिथे एकट्या माणसाला असं बसायला परवानगी लागत नाही, हे तू नंतर कुठूनतरी शोधून काढलंस.

मी तुझा दंड धरून म्हटलं, "चल, आपला काय संबंध." तू गेलास ते कोपऱ्यावरच्या दुकानातून गरम कॉफीचा कॅन घेऊन आलास आणि दोन्ही हातांनी तिला दिलास. तिने तो दोन्ही हातांनी घेतला. तू तिच्या बॅनरच्या कापडाकडे बोट दाखवलंस. त्यात जागोजागी अर्धगोल चिरा होत्या. तिने तळहात झुळकीसारखा पुढे नेऊन दाखवलं, वारा यातून निघून जातो, कापड फाटत नाही. तू मान डोलावलीस. दोन कारागीर भेटल्यासारखे तुम्ही बोलत होतात, एकमेकांचा एक शब्द न कळता.

मेट्रोत तू दाराशी उभा होतास. मग म्हणालास, "त्या चेअरमनला रोज खिडकीतून ती दिसत असणार. बरं झालं."

तुझ्या तोंडून सुडाचं वाक्य मी तेवढं एकच ऐकलं.

सिडनीला आल्यावर तू उभ्या पाटीच्या मागे लागलास. स्ट्रॅथफिल्डच्या कोरियन मिसेस पार्क नवीन रेस्टॉरंट काढत होत्या. त्यांना तू सोलचे फोटो दाखवलेस आणि भिंतीतून बाहेर येणाऱ्या, अक्षराखाली अक्षर अशा पाटीचं डिझाइन करून दिलंस. कौन्सिलच्या परवानगीसाठी किती खेपा घातल्यास. मंजुरी आली त्या दिवशी माझ्या शिफ्टनंतर हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये उभा राहिलास, मला कडेवर उचलायचा प्रयत्न केलास आणि तुझी कंबर धरली.

तीच पाटी लावताना तू पडलास.

सेफ्टी इन्स्पेक्टर बाई घरी आल्या तेव्हा मी त्यांना तुझ्या फोनचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, लिहून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या की आम्ही पोचलो तेव्हा हार्नेसची निळी बॅग तुमच्या मिस्टरांच्या ट्रकमध्येच होती. मला काही कळेना. तू कशाला खोटं बोलशील? मग कळलं. ती बॅग नंतर तिथे आली होती. तुझ्याबरोबर कामाला होता बिष्णू, नेपाळचा, नुकताच बाप झालेला. तो म्हणाला, मी ट्रक मागे घेत होतो, मी काही पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांत न बघता म्हणाला. त्याचा व्हिसा राजनच्या हातात आहे.

राजन आपल्या घरी आला. वहिनीने आणलेले डबे ओट्यावर ठेवले होते. तो म्हणाला, "तू त्या फोनचं बोललीस म्हणे. अगं, धक्क्यात माणसाला काहीही आठवतं. कशाला त्याचं नाव कोर्टात ओढतेस? आपल्यातलं आपल्यात मिटवू." मी विचारलं, "हार्नेस कुठे होता, राजन?" पहिल्यांदाच त्याला एकेरी हाक मारली. दादा गेलं, तुम्ही गेलं. त्याने ते ऐकलं. त्याचा चेहरा बदलला, आणि त्या क्षणी मला कळलं की मला या माणसाचं काय करायचंय.

मी बॅनर केला, निखिल. छापून नाही घेतला. पांढरं जाड कापड आणलं, जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि हाताने लिहिलं. तुला माझं अक्षर माहीत आहे, नळीवरच्या लेबलात मावणारं. ते मोठं करताना माझा हात दुखला. ओळखीच्या एका वकील मैत्रिणीने बजावलं होतं, आरोप लिहू नकोस, तो तुझ्यावरच केस करेल. म्हणून मी फक्त प्रश्न लिहिला. वर मराठीत, खाली इंग्रजीत. निखिलचा हार्नेस कुठे होता? मग कात्रीने अर्धगोल चिरा पाडल्या.

सुट्टीच्या दिवशी वेंटवर्थव्हिलला त्याच्या दुकानासमोरच्या फूटपाथवर घडीची खुर्ची टाकून बसले. तासाभरात कौन्सिलचा रेंजर, रस्त्यावरचे नियम बघणारा माणूस, आला. बॅनर वाचला, मला नीट बघितलं आणि म्हणाला, "खांबाला बांधू नका. हातात धरलात तर नो वरीज, डार्ल." म्हणून मी हातात धरला.

आपले लोक तिथेच भाजीला येतात. काहींनी रस्ता बदलला. काहींनी फोटो काढले. महाराष्ट्र मंडळाचे मुकुंदकाका आले आणि माझ्याशेजारी वाकून हळू आवाजात म्हणाले, "बाळा, घरातली गोष्ट अशी चव्हाट्यावर आणू नये."

"चव्हाट्यावर तो आधी गेला, काका," मी म्हटलं. "माइक घेऊन गेला."

ते सरळ झाले आणि गेले.

राजनने पहिल्या दिवशी काचेवरचे पडदे ओढून घेतले. नंतर तो गाडी मागच्या गल्लीत लावायला लागला. एकदा बाहेर येऊन म्हणाला, "तुला लाज वाटत नाही का? माझ्या मुलांना शाळेत विचारतात." मी त्याच्याकडे बघत राहिले. तो आत गेल्यावर मला भूक लागली. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. डब्यातली पोळी-भाजी मी तिथेच बसून पोटभर खाल्ली. तुला हे आवडलं नसतं, मला माहीत आहे. तू म्हणाला असतास, जाऊ दे गं. पण जाऊ देणारा माणूस गेला, आता मी आहे.

ईरा माझ्याशी बोलत नव्हती. तिच्या मैत्रिणींनी फोटो पाहिले होते. "एव्हरीवन थिंक्स यू आर क्रेझी," ती म्हणाली. "ही फरगॉट टू क्लिप इट, आई. पीपल फरगेट." मी म्हटलं, "तो विसरला नव्हता." तिने दार लावून घेतलं. तिला माझ्यावर विश्वास ठेवायला काही आधार नव्हता. एका फोनवरचं चार वाक्यांचं बोलणं, तेही फक्त मी ऐकलेलं.

मग एका शनिवारी मिसेस पार्क आल्या. फोटो फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचला होता. साध्या काळ्या कपड्यांत, केस घट्ट बांधलेले. बॅनरसमोर उभ्या राहून त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. मी उठले नाही. मग त्या तुटक इंग्रजीत बोलायला लागल्या. ॲम्ब्युलन्स गेल्यावर त्या दुकानाच्या आत काचेपाशी उभ्या होत्या. राजनची गाडी आली. त्याने डिकीतून निळी बॅग काढली, तुझ्या ट्रकमध्ये ठेवली, आणि मग रस्त्यावर बसून रडायला लागला. त्याआधी सकाळी त्यांनी तुला फोनवर बोलताना ऐकलं होतं. भाषा कळली नाही, पण मधले इंग्रजी शब्द कळले. हार्नेस. विंड. टुमॉरो.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"मीसुद्धा त्यांना म्हटलं होतं, आजच लावा, उद्या माणसं येणार आहेत," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, बोलले तर सगळं माझ्यावर येईल."

त्यांनी माझ्यासमोर मान खाली घातली, खूप खाली. तुला वाटत असेल मी त्यांचा हात धरला. नाही धरला. मी त्यांना इन्स्पेक्टर बाईंचा नंबर दिला आणि म्हटलं, "माझ्यासमोर आत्ता लावा."

त्यांनी लावला. आणि त्यांनी आणखी एक केलं जे मी सांगितलं नव्हतं. स्ट्रॅथफिल्डला त्यांच्या रेस्टॉरंटच्या दर्शनी भिंतीवर, नंतर दुसऱ्यांनी वर चढवलेल्या तुझ्या त्या पाटीच्या खाली, कोरियन अक्षरांत माझाच प्रश्न कापडावर लिहून लावला. राजनचं निम्मं गिऱ्हाईक कोरियन दुकानदारांचं आहे. होतं. एकेकाने काम काढून घेतलं. एका बेकरीवाल्याने तर त्याने लावलेली पाटी उतरवून दुसऱ्याकडून नवी करून घेतली. मी हे सगळं मिसेस पार्ककडून ऐकते, आणि हो, परत परत विचारून ऐकते.

मिसेस पार्क बोलल्या म्हटल्यावर बिष्णूही बोलला. ट्रकमध्ये सकाळी बॅग नव्हती, हे त्याने इन्स्पेक्टर बाईंना सांगितलं. त्याला आता दुसऱ्या एका कंपनीने कामावर घेतलंय. इन्स्पेक्टर बाई म्हणतात खटला उभा राहील, वेळ लागेल. मला वेळच वेळ आहे.

गेल्या रविवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली. राजन होता, एकटाच. वाळला होता. दाढी वाढलेली. मी दार पूर्ण उघडलं नाही.

"बॅनर काढ," तो म्हणाला. "मिसेस पार्कलाही काढायला सांग. दुकान बंद करतोय मी. आणखी काय पाहिजे तुला?"

"त्या दिवशी तो तुझ्याशी परत बोलला. काय बोलला?"

तो जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सांगतो. आत येऊ?"

मी त्याला आत घेतलं आणि ईराला हाक मारली. ती तिच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. राजन म्हणाला, "तिला कशाला मध्ये?" मी म्हटलं, "तिच्यासमोरच सांग. इंग्रजीत सांग. तिला एकही शब्द निसटायला नको."

तो सोफ्याच्या कडेवर बसला. हात गुडघ्यांमध्ये. ईराकडे न बघता त्याने सांगितलं. तुझा दुसरा फोन आला तेव्हा तू म्हणालास, हार्नेसशिवाय चढणार नाही, उद्या पहाटे येतो. राजन म्हणाला, तुला भीती वाटत असेल तर बिष्णूला चढव. तू म्हणालास, त्याला अजून उंचीवरचं काम येत नाही, पडेल तो. राजन म्हणाला, मग ठरव, तू की तो.  तू म्हणालास, मीच जातो.

 राजनने तोंडावर हात घेतले. या वेळी तो खरंच रडत होता की नाही, हे मला सांगता येणार नाही. मला त्याचं काही घेणं नव्हतं. मी ईराकडे बघत होते. 

"सो ही डिडन्ट फरगेट," ती म्हणाली.

"नो," राजन म्हणाला.

"यू टोल्ड एव्हरीवन ही फरगॉट."

"येस."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग खोलीत गेली. दार लावलं नाही. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला, निखिल, तू गेल्यापासून पहिल्यांदा, तुझं नाव घेऊन, बाबा बाबा करत, मराठीत. मी उठून तिच्याकडे जाणार होते, पण आधी मला तो माणूस घराबाहेर हवा होता.

तो उठला. घसा कोरडा पडला होता त्याचा, धड आवाज फुटत नव्हता. ओट्याकडे एकदा बघितलं त्याने, मग माझ्याकडे. इतक्या वर्षांत तो या घरातून कधी असा गेला नव्हता, आणि उन्हातान्हात दाराशी येणारा पार्सलवालाही असा जात नाही. मी दार उघडून धरलं.

निखिल, मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.